पिवळं आर्मेचर

सांगलीच्या मार्केट यार्डातले एक हळदीचे शेठ परवा दुकानात आले. मागोमाग त्यांच्याकडचा पोरगा, त्याच्या हातात व्हॅक्यूम क्लीनर आणि त्याच्या पायामागं पिवळ्या ठशांची रांग. त्यानं मशीन काउंटरवर आदळलं आणि माझा शर्ट बिरोबाच्या जत्रेतून आल्यासारखा झाला.

"ओढत न्हाई बघा," शेठ म्हणाले. "चौदाशे वॅटची मोटर हाय. दोन हजाराची टाका."

माझं दुकान मोटर वायंडिंगचं. मुख्य धंदा शेतीच्या मोटारींचा, म्हणजे पाच, साडेसात, दहा एचपी. उसाला पाणी द्यायच्या दिवसांत मोटर जळाली की माणूस रात्री अकराला घरी येऊन उठवतो. त्यात मधेमधे मिक्सर, ड्रिल, ग्राइंडर. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत मात्र व्हॅक्यूम क्लीनरचा हंगाम असतो. वर्षभर माळ्यावर पडलेलं मशीन खाली उतरतं, दहा मिनिटं चालतं आणि माझ्याकडं येतं. हे शेठ बिगरहंगामी गिऱ्हाईक. कुपवाडला त्यांचं हळद पावडरचं पॅकिंग आहे. तिथं जमिनीवर, रॅकवर, वजनकाट्यावर बसलेली पावडर ओढायला त्यांनी घरातलं मशीन नेलं होतं.

मी प्लग लावला, मशीन चालू केलं आणि पाइपाच्या तोंडावर तळहात धरला. हात गच्च चिकटला. शेठ म्हणाले, "हे बघा, हाताला ओढतंय की. खाली पावडर टाकली की मात्र नुसतं हुंगतंय."

शेठनी अगदी नेमकं निदान केलं होतं, फक्त त्यांना ते माहीत नव्हतं.

दुकानात माझ्याकडं गवंड्याची लेव्हलची नळी आहे, ती पारदर्शक, पाणी भरून दोन भिंतींची पातळी बघतात ती. तिचं एक टोक बादलीत बुडवायचं, नळी शिडीला बांधून दहा फूट वर न्यायची आणि दुसरं टोक सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून मशीनच्या पाइपात घट्ट बसवायचं. मशीन जेवढं ओढेल तेवढं पाणी नळीत चढतं. शेठचं मशीन लावलं. पाणी सावकाश चढत गेलं आणि सहा फुटांच्या जरा खाली थांबलं. म्हणजे साधारण अठरा किलोपास्कल, या वॅटच्या मशीनला अगदी बरोबर. मग कापडी पिशवी काढून बाजूला ठेवली आणि पुन्हा लावलं. पाणी सटकन चढलं, पण थांबलं तिथंच. उंचीत चार बोटांचाही फरक नाही.

आता नळी काढली आणि पिशवी परत घालून पाइपासमोर वर्तमानपत्राचा कागद धरला. कागद हललासुद्धा नाही. पिशवी काढल्यावर तोच कागद दोन विती लांबून झेपावला.

शेतकऱ्याला हे एका वाक्यात कळतं. हेड वेगळं, डिस्चार्ज वेगळा. पंप पाणी किती उंच चढवतो ते हेड, किती पाणी सोडतो तो डिस्चार्ज. पाइपाचं तोंड बंद असताना हवा वाहतच नाही, त्यामुळं पिशवी चोंदलेली असो वा कोरी, आतला दाब शेवटी तिथंच जाऊन थांबतो. धूळ उचलायला मात्र नुसता दाब पुरत नाही, वाहती हवा लागते. दाब पास्कलमध्ये आणि हवा सेकंदाला किती घनमीटर ते घेऊन दोन्हींचा गुणाकार केला की सरळ वॅट निघतात. दहा हजार पास्कल आणि सेकंदाला तीस लिटर, म्हणजे ०.०३ घनमीटर हवा, तर तीनशे वॅट. पाइपाचं तोंड बंद असलं की दाब भरपूर आणि हवा शून्य, म्हणून काम शून्य. तोंड सताड उघडं असलं की हवा भरपूर पण दाब नाही, तेव्हाही काम जवळजवळ शून्यच. खरं काम या दोन टोकांच्या मधे कुठंतरी होतं. खोक्यावर छापलेले चौदाशे वॅट म्हणजे मोटर खाते किती, एवढंच. हवेच्या पदरात त्यातला पाव हिस्सा पडला तरी जुन्या मशीनचं कौतुक करावं.

युरोपनं हे ओळखून कायदाच केला. सप्टेंबर २०१४ पासून घरगुती व्हॅक्यूम क्लीनरला १६०० वॅटची मर्यादा आली आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटची. तोवर कंपन्यांची शर्यत आकडा वाढवायची होती. मर्यादा आल्यावर पंख्याच्या पात्याचा आकार, हवेच्या वाटेतली वळणं, रबरी सीलमधून होणारी गळती, जमिनीवर फिरणारं तोंड, सगळीकडं लोकांचं लक्ष गेलं. आपल्याकडं अजून "किती वॅटचं?" हाच पहिला प्रश्न.

शेठना मी दोन हजार वॅटची मोटर का नको म्हणालो, ते सांगायला टंग टेस्टर, म्हणजे तारेला चिमटा लावून करंट मोजायचं यंत्र, काढावा लागला. पाइप उघडा असताना करंट होता पावणेसहा अँपिअर. पाइपावर हात ठेवला. मोटरचा आवाज चढला, शिट्टी वाजायला लागली.

"लोड आला," शेठ म्हणाले.

"काटा बघा." साडेचारवर आला होता.

दुकानातला पोरगा दोन वर्षं माझ्याकडं आहे, तोही तोंडाकडं बघत राहिला. खरं तर मोनोब्लॉक पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद केला की अँपिअर उतरतात, हे त्यानं पन्नास वेळा पाहिलंय. पाणी ढकलायचं नाही तर ताकद लागते कशाला? इथं पाण्याच्या जागी हवा आहे, एवढाच फरक. पंख्याला ढकलायला हवाच नाही, मोटर मोकळी झाली आणि पळत सुटली. आवाज चढतो तो लोड आल्याचा नसतो, लोड गेल्याचा असतो.

मग अँपिअर कमी तर मोटर जळते कशानं? इथं गंमत आहे. साध्या, सुक्या मशीनमध्ये पंख्यातून बाहेर पडणारी हवाच मोटरवरून जाते आणि तिला थंड करते. पिशवी चोंदली की मोटरचं खाणं थोडं कमी होतं, पण वारा पूर्ण बंद. पंखा आतल्या आत तीच हवा घुसळत बसतो आणि तापवतो. दोन हजार वॅटची मोटर याच पिशवीमागं बसवली असती तर ती आणखी लवकर गेली असती. ओल्या-सुक्या मशीनची रचना वेगळी असते. ओढलेली हवा मोटरला न शिवता परस्पर बाहेर जाते आणि मोटरला वारा घालायला वरच्या बाजूला वेगळा छोटा पंखा असतो.

हा फरक सांगलीनं २०१९ च्या ऑगस्टमध्ये महाग किमतीला शिकला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या पार गेलं होतं. पूर ओसरल्यावर घराघरात गुडघाभर गाळ. कुणी कुणी घरातलं सुकं मशीन काढून ओला गाळ ओढला. माझ्या दारात शेतीच्या मोटारींची रांग होती, त्यात असली दहा-बारा मशीनं. उघडलं की आत कृष्णेची माती, कुंभाराच्या चाकावरून उतरवावी अशी.

असो. शेठचं मशीन उघडलं. पिशवी मधोमध जराशी उसवलेली, त्यामुळं बारीक पावडर मोटरपर्यंत गेलेली. बेअरिंगचं ग्रीस पिवळं, मोटरला वीज पोचवणारे घासते कार्बन पिवळे, आर्मेचरच्या, म्हणजे मोटरच्या तार गुंडाळलेल्या फिरत्या भागाच्या, स्लॉटात हळद, आणि तापून तिचा खरपूस वास. फोडणी जळल्यावर येतो तसा. आर्मेचर तपासायच्या चुंबकी यंत्रावर, ग्रोलरवर, ठेवून लोखंडी पट्टी फिरवली, एका स्लॉटवर पट्टी थरथरली. कॉइल शॉर्ट. आर्मेचर भरणं, म्हणजे नवी तार गुंडाळणं, आलं.

इथं जरा थांबून सांगतो, कारण माझ्या मते सगळी गोष्ट या आर्मेचरमध्येच आहे.

शेतीची मोटार इंडक्शनची. आपली लाइन सेकंदाला पन्नास सायकलची, त्यामुळं दोन पोलची मोटार मिनिटाला तीन हजारांच्या वर जाऊच शकत नाही. प्लेटवर २८८० लिहिलेलं असतं ते म्हणून. आता पंख्यानं किती दाब तयार करायचा हे त्याच्या पात्याच्या टोकाच्या वेगावर ठरतं, आणि तेही वर्गात. टोकाचा वेग दुप्पट तर दाब चौपट. २८८० च्या मोटारीवर व्हॅक्यूम क्लीनर करायचा म्हटलं तर सायकलच्या चाकाहून मोठा पंखा लागेल. घरात फिरवायला बैल लागतील! ही थट्टा नाही. १९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ या पुलांच्या इंजिनिअरनं पहिलं ताकदीचं ओढणारं मशीन केलं, ते घोडागाडीवरच होतं. गाडी रस्त्यात उभी करायची आणि लांब पाइप खिडकीतून घरात सोडायचे. त्याआधी त्यानं हॉटेलातल्या खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून, त्याला तोंड लावून श्वास आत ओढून बघितला होता. ठसका लागला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा डाग उमटला. माणूस पुलांचा, पण प्रयोग असा साधा.

घरात हातानं फिरवता येईल असं विजेचं मशीन अमेरिकेत जेम्स मरे स्पँग्लर या झाडलोट करणाऱ्या माणसानं केलं. त्याला दम्याचा त्रास होता. झाडूचा दांडा, उशीचा अभ्रा आणि पंख्याची मोटर असला तो जुगाड. त्याचं पेटंट १९०८ चं, आणि ते विकत घेणाऱ्या हूवरचं नाव पुढं इंग्लंडात क्रियापद झालं.

छोट्या पंख्याला जबर वेग पाहिजे, आणि तो देते युनिव्हर्सल मोटर, कार्बनवाली. मिक्सरमध्ये, ड्रिलमध्ये असते तीच. तिला पन्नास सायकलचं बंधन नाही. तीस हजारांच्या आसपास सहज पळते, म्हणून दहा-अकरा सेंटीमीटरच्या पंख्यावर काम भागतं. तिच्या शाफ्टवर तांब्याच्या पट्ट्यांचं नळकांडं असतं, कॉम्युटेटर. कार्बन त्यावर घासत राहतो आणि आर्मेचर फिरेल तसा करंट एका कॉइलमधून पुढच्या कॉइलमध्ये जातो. म्हणजे कोणत्या कॉइलला कोणत्या क्षणी वीज द्यायची, हे फिरणारं आर्मेचर स्वतःच ठरवतं. मोटर कंट्रोल, मोटर कंट्रोल म्हणतात ना, त्याचा आजोबा हा कॉम्युटेटर.

आर्मेचर भरताना कॉइलचं टोक समोरच्याच पट्टीला जोडायचं नसतं. एक-दोन पट्ट्या सरकवून जोडावं लागतं, कारण कॉइलमधला करंट उलटायला थोडा वेळ लागतो आणि तोवर आर्मेचर पुढं गेलेलं असतं. किती पट्ट्या आणि कोणत्या बाजूला, हे जुनं वायंडिंग तोडण्याआधी टिपून घ्यायचं. आयटीआय करून नुकताच धंद्यात पडलो होतो, तेव्हा एका ड्रिलचं आर्मेचर मी उलट्या बाजूला सरकवून भरलं. चालू केलं आणि कॉम्युटेटरभोवती निळ्या-हिरव्या ठिणग्यांचं कडं फिरायला लागलं. दिसायला फार सुंदर. वस्ताद शेजारी उभे होते. बटण बंद करून एवढंच म्हणाले, "दिवाळी लांब हाय अजून." चार मिनिटांत कार्बन अर्धा झाला होता.

या मोटरचा वेग कमी-जास्त करायला पुढं मशीनवर बटण आलं. त्याच्या मागं ट्रायॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. लाइनच्या सेकंदाला शंभर अर्ध्या लाटा, प्रत्येक लाटेचा पुढचा तुकडा तो कापतो. पडदे ओढताना कापड पाइपात जाऊ नये म्हणून ही सोय चांगली. पण तो नळाच्या तोटीसारखा आंधळा आहे. शाफ्ट कुठं आहे, वाट चोंदली का, त्याला पत्ता नाही.

हे पत्ता असणं काय असतं, ते मला थोरल्या लेकीनं दाखवलं. ती पुण्यात मोटर ड्राइव्हचं, म्हणजे मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांचं, काम करते. गेल्या गणपतीत येताना एक बिघडलेलं, काठीसारखं कॉर्डलेस मशीन घेऊन आली. "बाबा, उघडा." उघडलं तर मोटर लिंबापेक्षा थोडी मोठी. कार्बन नाही, कॉम्युटेटर नाही. फिरतो तो नुसता चुंबक, बोटाच्या पेराएवढा, आणि शेजारी तांब्याच्या दोनच मोजक्या कॉइल. असल्या मोटरी मिनिटाला लाखाच्या घरात फिरतात. डायसन कंपनीनं २००४ साली एक लाख फेऱ्यांची बिनकार्बनची मोटर मशीनमध्ये घातली, तिला चुंबकही नव्हता. २०१८ च्या चुंबकवाल्या मशीनमध्ये हा आकडा सव्वा लाखावर गेला. वेग चौपट, म्हणून पंखा पावपट.

लाख फेऱ्या म्हणजे एका फेरीला एका मिलिसेकंदाचेही सहा दशांश. चुंबकाला चार पोल, म्हणजे एका फेरीत चार वेळा करंट उलटवायचा. दर दीडशे मायक्रोसेकंदाला एकदा. ते काम बोर्डावरचे चार इलेक्ट्रॉनिक स्विच, मॉस्फेट, करतात. शेजारी मोहरीच्या दाण्याएवढा हॉल सेन्सर चुंबकाचा पोल कधी समोर आला ते सांगतो.

"आणि गंमत म्हणजे," लेक म्हणाली, "पोल समोर आल्यावर उलटवून चालत नाही. जरा आधीच उलटवावं लागतं. कॉइलमध्ये करंट चढायला वेळ लागतो ना. वेग वाढेल, बॅटरी उतरेल, तसं किती आधी ते बोर्ड बदलत राहतो."

मी तिला आत नेलं आणि टेबलावरचं अर्धवट भरलेलं मिक्सरचं आर्मेचर दाखवलं. टोक दोन पट्ट्या सरकवून जोडलेलं. ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही कायमचं सोल्डर करून टाकता आणि आम्ही दर फेरीला नव्यानं ठरवतो." इतकी वर्षं घरात हेच काम बघत वाढलेली पोरगी, पण आमची दोघांची मोटर एकच आहे हे आम्हाला दोघांनाही त्या दिवशी कळलं.

टंग टेस्टरचा खेळही बोर्डाला येतो. वाट चोंदली की वेग चढतो, करंट उतरतो. ही खूण धरून काही मशीनं मोटर थांबवतात, उचक्या दिल्यासारखी चालू-बंद होतात आणि "आधी फिल्टर साफ कर" म्हणून सांगतात. शेठच्या मशीनला ही अक्कल असती तर आर्मेचर वाचलं असतं.

तक्रार आहे ती वेगळी. त्या मशीनचा बोर्ड काळ्या डांबरासारख्या घट्ट रसायनात बुडवलेला होता. बिघडला होता एखादा मॉस्फेट, पण पोचायचं कुठून? मोटर चांगली, चुंबक चांगला, बॅटरी चांगली, आणि सगळं भंगारात. धूळ-ओल जाऊ नये म्हणून ते करतात, हे मला पटतं. पण तांबं जळलं तर मी भरू शकतो. या डांबरापुढं माझे हात नुसते हात आहेत.

हवेतून धूळ वेगळी करायच्या कामात मात्र आपल्या यार्डाला नवं काही शिकायचं नाही. पिशवी चोंदते म्हणून जेम्स डायसननं ५,१२७ नमुने करून सायक्लोन घरगुती मशीनमध्ये बसवला आणि १९९३ साली आपल्या नावानं ते मशीन इंग्लंडच्या बाजारात आणलं. हवा गरगर फिरवायची, जड कण भिंतीला आपटून खाली, हलकी हवा मधून वर. कल्पना त्यानं लाकडाच्या वखारीवरच्या मोठ्या सायक्लोनवरून घेतली. तसलाच पत्र्याचा उलटा शंकू शेठच्या कुपवाडच्या पल्व्हरायझरवर, म्हणजे हळद दळायच्या यंत्रावर, पहिल्यापासून उभा आहे. मी बोट दाखवलं तेव्हा शेठ म्हणाले, "ह्येच का त्ये? मग एवढं पैशे कशाचं?" मी म्हटलं, तेवढा मोठा शंकू करणं सोपं आहे. मुठीएवढे पंधरा शंकू शेजारी शेजारी बसवून सगळ्यांतून सारखी हवा नेणं अवघड.

शेठना शेवटी एक गोष्ट मात्र जरा कडक आवाजात सांगितली. कार्बनची मोटर म्हणजे सतत बारीक ठिणगी. हळद पावडर हवेत दाट उडालेली असताना ती पेट घेते, नुसती जळत नाही, भडका होतो. पिठाच्या, साखरेच्या धुळीचं तेच. पॅकिंगच्या खोलीत हे घरचं मशीन पुन्हा नेऊ नका. धुळीच्या कामासाठी अर्थिंग केलेली, ठिणगी बाहेर न पडणारी वेगळी मशीनं मिळतात, ती घ्या. शेठ "बघू" म्हणाले. हे "बघू" मी ओळखतो, म्हणून बिलावर लाल पेनानं 'फक्त घरगुती वापर' असं लिहून त्यांची सही घेतली.

आर्मेचर भरलं, दोन्ही बेअरिंगं नवी टाकली, कार्बन बदलले, पिशवी नवी. वॉर्निश भट्टीत वाळवून तिसऱ्या दिवशी मशीन तयार. कागद दोन विती लांबून झेपावला तेव्हा शेठ खूश झाले. मग बिल बघितलं.

"मोटर तर जुनीच हाय की ओ. मग एवढं?"

मी जुनं तोडलेलं वायंडिंग त्यांच्या हातावर ठेवलं. पिवळं, जळकं, तांब्याचा गुंता. त्यांनी ते नाकाशी नेलं, हुंगलं आणि पोराला म्हणाले, "सेलमची न्हवं, आपलीच हाय." पैसे पूर्ण दिले, वर अर्धा किलोची पुडी काउंटरवर ठेवून गेले. ती उघडायची म्हणून घरी नेली, तर बायकोनं आधी दाराबाहेर शर्ट झटकायला लावला.